मालकीचं घर मागायचं की सरकारी भाड्याचं?

जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचा ठराव करायच्या बैठकीत मालकी हक्काशिवाय दुसरं काही कोणी मागत नाही, आणि ते साहजिक आहे. मुंबईत १९२०च्या दशकात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना आता ५०० चौरस फुटांचं घर मालकीनं मिळतंय. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत पहिल्या ५५६ चाव्या वाटल्या गेल्या. तो त्यांचा हक्कच. पण मालकी पात्र रहिवाशांच्या यादीपाशी थांबते. पोटभाडेकरू, गावाहून नुकता आलेला तरुण, नर्सिंग शिकायला आलेली मुलगी यांच्या वाट्याला येतो तो अकरा महिन्यांचा करार आणि डिपॉझिट. या चाळी मुळात सरकारी भाड्याच्या होत्या, हे विसरू नका.

मालकीच्या बाजूनं सिंगापूरचा दाखला देतात. तिथल्या गृहनिर्माण मंडळानं १९६०मध्ये सुरुवात भाड्याच्या घरांनीच केली, विक्री १९६४पासून. आज दहातले जवळपास आठ जण मंडळाच्या घरांत राहतात. मात्र ती मालकी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची, जमीन सरकारकडेच राहते. आपल्याकडे पुनर्विकासात जमिनीचा काही भाग बाजारात विकायच्या घरांच्या टॉवरखाली जातो.

व्हिएन्नानं उलटी वाट धरली. १९२३पासून घरांवर कर बसवून पालिकेनं भाड्याची घरं बांधली, आणि ती विकली नाहीत. आज पालिकेची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. उत्पन्न फक्त घर देताना तपासतात, त्यामुळे पगार वाढला म्हणून कोणाला बाहेर काढत नाहीत; शिक्षक आणि सफाई कामगार एकाच इमारतीत राहतात. उणीव एवढीच की नव्यानं आलेल्याला काही काळ थांबावं लागतं.

ब्रिटननं १९८०पासून पालिकेची घरं भाडेकरूंना सवलतीत विकली. घेणाऱ्यांचं भलं झालं, पण त्यातली बरीच घरं आज खासगी मालक चढ्या भाड्यानं देतात.

मुंबईत भाड्याची भीती बसली ती १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे. भाडं १९४०च्या पातळीला गोठलं, मालकांनी डागडुजी सोडली, इमारती टेकूंवर आल्या. इथे दोष भाडेपद्धतीचा नाही, दुरुस्तीला पैसाच न ठेवण्याचा आहे. मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणानं, म्हणजे एमएमआरडीएनं, २००८मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली, पण ती टिकली नाही. पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांना विकल्या गेल्या.

यादीत नाव असेल तर मालकीच घ्या, पण आधी लिफ्ट, पंप आणि मालमत्ता कराचा महिन्याचा हिशोब मांडा, कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठी बाजूला ठेवलेला निधी, किती ते लेखी घ्या. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, कितीतरी इमारतींत मेंटेनन्स थकला की पहिली लिफ्ट बंद पडते. आणि पुनर्विकासाच्या ठरावात दुसरी ओळ घाला: विक्रीच्या घरांतला ठरावीक वाटा म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण मंडळाकडे, कायम भाड्यानं राहावा, तो कधीही विकता येऊ नये, आणि भाडं दुरुस्तीचा खर्च भागेल इतकं असावं.