पॅरिसच्या तिकीट मशीनवरचा मदतनीस

पॅरिसच्या मोठ्या रेल्वे स्टेशनांवर तिकीट मशीनजवळ गळ्यात ओळखपत्र अडकवून, हसतमुखानं उभा असलेला माणूस दिसला तर त्याला चार हात लांब ठेवा. तो खोटं तिकीट विकत नाही. तिकीट अस्सल असतं, मशीनही रेल्वेचंच असतं. म्हणून तर संशय येत नाही. मला आणि ताईला अशा एकानं कसं गंडवलं ते सविस्तर सांगतो, कारण ‘पाकीटमारांपासून सावध’ एवढ्या इशाऱ्यात ही युक्ती बसत नाही.

पॅरिसहून दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराला तेजेवेनं, म्हणजे तिथल्या अतिवेगवान गाडीनं, तीन तासांत पोचता येतं. पण ताईला घाई नको होती, डोंगर हवे होते. म्हणून आम्ही लांबचा रस्ता धरला: आधी क्लेरमाँ-फेराँपर्यंत साडेतीन तास, तिथून गाडी बदलून ‘सेवेनॉल’ नावाच्या गाडीनं नीमपर्यंत आणखी पाचेक तास. १८७० सालचा हा मार्ग आलिये नदीच्या घळईतून जातो, वाटेत शंभरावर बोगदे आहेत. पहिल्या गाडीचं तिकीट पुण्यातूनच काढलं होतं. दुसरीचं नाही. तिला सीट राखून ठेवायची नसते आणि ऐनवेळी काढलं म्हणून तिकीट महाग पडत नाही. ते तिथेच काढू, असं ठरलं होतं.

सकाळी स्टेशनात मशीनसमोर उभे राहतो न राहतो तोच हा गृहस्थ आला. चांगलं इंग्रजी, नीटनेटका कोट, गळ्यात पट्टी. “कुठे जायचंय?” आम्ही सांगितलं. “त्या मार्गावर कधी कधी गाडीऐवजी बस सोडतात, आजची गाडी आहे का बघूया,” असं म्हणून त्यानं मशीनचा ताबाच घेतला. बस सोडतात हे खरंच आहे, आम्हीही वाचलं होतं. ताई माझ्या कानात पुटपुटली, “अरे, रेल्वेचाच माणूस दिसतोय.”

पुढचं सगळं एवढ्या झटपट झालं की त्यातली गोम आम्हाला दुपारी कळली. त्यानं दोन प्रौढांची तिकिटं निवडली आणि रक्कम आम्हाला दाखवली. माणशी ४० युरोंच्या वर. दर बरोबर होता, मी आधी पाहून ठेवला होता. ताईनं कार्ड घातलं, पिन दाबायच्या आत त्याचा हात मध्ये आला आणि व्यवहार रद्द. “भारतीय कार्ड इथे चालत नाही, नेहमीचंच आहे.” मागच्या रांगेतला एक जण जोरजोरात उसासे टाकायला लागला (तो याचाच जोडीदार असावा असं मला आता वाटतं, पुरावा काही नाही). मग मदतनीस म्हणाला, मी माझ्या कार्डानं काढतो, तुम्ही मला रोख द्या. त्यानं पुन्हा सुरुवातीपासून बटणं दाबली, या खेपेला पडद्याच्या आणि आमच्या मध्ये उभं राहून. तिकिटं निघाली, ताईनं नोटा मोजून दिल्या, त्यानं आम्हाला शुभप्रवास चिंतला. पावती तेवढी स्वतःकडे ठेवली.

क्लेरमाँला काळ्या ज्वालामुखी दगडाचं कॅथेड्रल लांबून पाहिलं आणि दुपारी सेवेनॉलमध्ये बसलो. लांजाक सोडल्यावर खरी मजा सुरू होते. बोगदा, नदी, पुन्हा बोगदा, आणि घळईत बराच वेळ रस्तासुद्धा दिसत नाही. ताईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. लांगोन्य आलं तेव्हा ती जेवोदाँच्या श्वापदाची गोष्ट सांगत होती. १७६४ ते १७६७ या काळात याच भागात त्यानं माणसं मारली होती.

तेवढ्यात तिकीट तपासनीस बाई आल्या. त्यांनी तिकिटं स्कॅन केली, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा तिकिटांकडे पाहिलं. मग अगदी सौजन्यानं विचारलं, तुमच्यापैकी बारा वर्षांखालचं कोण? ताई साठीच्या उंबरठ्यावर आहे.

दोन्ही तिकिटं लहान मुलांची होती. फ्रान्समध्ये ४ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतं. गाडी बरोबर, तारीख बरोबर, स्टेशनं बरोबर, बदललं होतं ते एकच बटण. निम्मे पैसे रेल्वेला गेले, निम्मे त्याच्या खिशात. दंड धरून बाईंनी जो आकडा सांगितला तो ऐकून ताईची चटणी तशीच राहिली. आणि तिनं पुढे केलेलं तेच ‘न चालणारं’ कार्ड बाईंच्या यंत्रानं पहिल्या झटक्यात घेतलं. ताईच्या बँकेच्या ॲपमध्ये सकाळची कसलीच नोंद नव्हती, नाकारलेल्या व्यवहाराचीसुद्धा. कार्ड बँकेपर्यंत पोचूच दिलं नव्हतं त्यानं.

या थापेचा पाया आपल्याच अनुभवात असतो, ही मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशात वापरण्यापुरतंच चालू असतं, परदेशातला वापर आपण मुद्दाम सुरू करावा लागतो. त्यामुळे ‘तुमचं कार्ड चालत नाही’ हे कुणालाही पटतं. निघण्यापूर्वी तो वापर सुरू करा, आणि पहिल्याच दिवशी एखाद्या दुकानात कॉफी घेऊन कार्ड चालतं याची खात्री करून घ्या. मग मशीनवर कुणी काही म्हणो. मशीनची भाषा इंग्रजी करता येते. तरी अडलंच तर खिडकीवर जा, रांग लांब असली तरी. तिकीट हातात आलं की त्यावर ई-एन-एफ-ए-एन-टी ही अक्षरं आहेत का ते पाहा. असली तर ते मुलांचं तिकीट. आणि चुकीचं तिकीट गाडीत बसताना लक्षात आलं, तर तपासनीस येण्याची वाट पाहू नका, आपण होऊन त्यांना गाठा. त्यांनी पकडल्यावर भरावे लागतात त्यापेक्षा पैसे कमी पडतात.

स्टेशनात किंवा गाडीत असं काही चालू दिसलं तर ३११७ या क्रमांकावर फोन करता येतो, ३११७७ वर संदेशही पाठवता येतो. आम्ही नीमला पोचल्यावर पोलिसांत तक्रार दिली. परतल्यावर त्या कागदाची प्रत प्रवास विम्यासाठी जोडली. उत्तर आलं की रोख रक्कम स्वतःच्या हातानं दिली असेल तर ती चोरी धरत नाहीत, आणि दंड तर कुठल्याच कलमात बसत नाही.