नाकातलं वाढलेलं मांस: रेडिओफ्रिक्वेन्सी की मायक्रोडिब्रायडर?

सायनसच्या जुन्या रुग्णाचं नाक रात्री चोंदतं, त्यात अनेकदा सुजलेल्या खालच्या टर्बिनेटचा (नाकाच्या आत बाजूच्या भिंतीवरची, मऊ अस्तरानं झाकलेली हाडाची घडी) हात असतो. रेडिओफ्रिक्वेन्सीत सुईसारखा प्रोब आत घालून रेडिओ लहरींनी ऊती तापवतात, म्हणजे त्या आकसतात. जागा बधिर केली की काही मिनिटांत काम होतं, रक्तही फारसं जात नाही. पण आधी सूज वाढते, मोकळं वाटायला काही आठवडे लागतात. आतलं हाडच मोठं असेल तर उपयोग नाही.

मायक्रोडिब्रायडरचं फिरतं पातं वरचं अस्तर राखून आतला फुगीर भाग काढून घेतं. बहुतेकदा पूर्ण भूल, थोडं रक्त, खपल्या. तरी फरक जास्त टिकतो. सायनसची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होणारच असेल, तर मी मायक्रोडिब्रायडरच निवडेन, भूल एकदाच. टर्बिनेट मुळापासून कापणं मात्र टाळाच: नाक मोकळं असूनही श्वास कोंडल्यासारखा वाटू शकतो.