किलीमांजारोच्या नावाखाली आमचे 6,40,000 रुपये गेले, पैसे भरण्याआधी हे वाचा

साताऱ्यातल्या चौघांचे मिळून 6,40,000 रुपये बुडाले. माणशी 98,000 टांझानियातल्या किलीमांजारो डोंगराच्या चढाईचे आणि 62,000 विमानाच्या तिकिटाचे. त्या चौघांतला मी एक. वर्षानुवर्षं वासोटा, अजिंक्यतारा करणाऱ्या माणसांना गावातल्याच एका एजंटानं गंडवलं, हे सांगायची लाज वाटते. पण त्यानं ओळखीतल्या दोन ग्रुपना लडाख नीट करून आणलं होतं. ऑफिस होतं, बोर्ड होता, पावतीपुस्तक होतं. आम्ही काही कुणाच्या फोनवर भुलून पैसे पाठवले नव्हते.

तरी हिशोब करायला हवा होता, आणि तो दहा मिनिटांचा होता. किलीमांजारोवर परदेशी माणसाला राष्ट्रीय उद्यानाची फी दिवसाला 70 डॉलर, तंबूच्या मुक्कामाला रात्री 50 आणि बचावपथकाचे एकदाच 20. मचामे मार्गाचे सात दिवस, सहा रात्री धरा: 490 अधिक 300 अधिक 20, म्हणजे 810. वर 18 टक्के व्हॅट. साधारण 956 डॉलर नुसते सरकारी झाले. आमचे 98,000 म्हणजे त्या वेळच्या दरानं 1,150 डॉलर. उरलेल्या 194 डॉलरमध्ये गाइड, आचारी, माणशी तीनेक पोर्टर, सात दिवसांचं जेवण आणि गेटपर्यंतची गाडी? कुणालाच परवडणार नाही. इतका स्वस्त दर देणारा एकतर पोर्टरची मजुरी बुडवतो, नाहीतर तुम्हाला नेणारच नसतो. शिवाय नोंदणीकृत स्थानिक ऑपरेटरशिवाय या डोंगरावर चढताच येत नाही. त्या ऑपरेटरचं नाव आणि परवाना क्रमांक आधी मागा, आणि त्याला स्वतः मेल करून तुमचं बुकिंग आहे का ते विचारा. आम्ही विचारलं तेव्हा एजंट म्हणाला, "ते आमचं इंटर्नल असतं," आणि आम्ही गप्प बसलो.

कार्यक्रमपत्रिका तर आजही डोळ्यांसमोरून जात नाही. मार्ग लिहिला होता मचामे आणि मुक्काम हटमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या झोपड्यांत! हट मारंगू मार्गावर आहेत: मंदारा, होरोंबो, किबो. मचामेवर तंबूच लागतात. दोन वेगळ्या पत्रिका जोडून केलेला कागद होता तो. मी त्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्हसुद्धा काढलं होतं. काढलं आणि फाइलला लावून टाकलं.

तिकिटाचंही तसंच. पीडीएफ आली त्या दिवशी पीएनआर कंपनीच्या साइटवर उघडला, चौघांची नावं दिसली, आम्ही खूश. पण ई-तिकीट क्रमांकाची जागा कोरी होती. पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवल्याची नोंद. पैसे भरून तिकीट निघालं की तेरा आकडी क्रमांक येतो, त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. तो नसेल तर तिकीट नाही. खाली बारीक अक्षरांत तिकीट काढायची मुदतही छापली होती. ती उलटल्यावर बुकिंग आपोआप रद्द झालं. आम्हाला कळलं निघायच्या नऊ दिवस आधी, सीट निवडायला गेलो तेव्हा. ऑफिसला कुलूप, फोन बंद.

आणि टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं पैसे घेतानाच कापायचा कर. परदेशी टूर पॅकेजवर तो घ्यावाच लागतो. एजंट म्हणाला, "कशाला उगाच भरता, मी वाचवून देतो." पैसे त्याच्या वैयक्तिक बचत खात्यावर मागितले आणि आम्ही तीन हप्त्यांत एनईएफटी केले. खरं तर टीसीएस पुढं रिटर्नमध्ये वळता होतो, म्हणजे वाचणार काहीच नव्हतं. उलट तो भरला असता तर पॅनवर नोंद राहिली असती की पैसे टूरचे होते. आता बँक म्हणते तुम्हीच स्वखुशीनं पाठवलेत.

पोलिसांचं काय सांगावं! पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला गेलेत". दुसऱ्या दिवशी "हा दिवाणी मामला आहे, वकील बघा". तिसऱ्यांदा सायबरकडं पाठवलं. सायबरवाले म्हणाले माणूस समोर बसून पैसे घेऊन गेलाय, यात ऑनलाइन काय? सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे जाऊन तीन महिने झालेले, खात्यात गोठवायला काही उरलेलं नाही. प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच: "एवढे पैसे दिलेच कशाला?" गुन्हेगार आम्हीच असल्यासारखा. एका हवालदारानं तर किलीमांजारो कुठं आहे ते विचारलं आणि टांझानिया ऐकल्यावर "मग तिकडंच तक्रार करा" म्हणाला.

तोंडी बोलून येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. ठाण्यात नोंद घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणं तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. आम्ही पाठवला, तेव्हा कुठं आठव्या दिवशी जबाब नोंदवायला बोलावलं. जिल्हा ग्राहक आयोगात चौघांनी वेगवेगळ्या तक्रारी केल्या आहेत. 5 लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला तिथं फी नाही. पावत्या, बँकेचे उतारे, चॅट आणि ती पेन्सिलच्या प्रश्नचिन्हाची पत्रिका, सगळं जोडलं आहे.