पटकथा छापून देणाऱ्यांचं बिल जरा फोडून बघा

माझी पटकथा पुस्तक म्हणून छापून द्यायचे एका कंपनीने लावले 1,148 डॉलर. 649 चं 'पटकथाकार पॅकेज', 199 ची 'कॉपीराइट सुरक्षा' आणि 300 कशाचे, तर 'निर्मात्यांपर्यंत पोहोच'. असले धंदे कसे चालतात हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. पण कंपनीचा फोनवरचा माणूस स्लगलाइन (प्रसंगाचं शीर्षक), सेकंड अ‍ॅक्ट (कथेचा मधला भाग) असं सराईतपणे बोलत होता. नमुन्याची पानंही चोख. कुणीही भुललं असतं.

आता बिल फोडा. केडीपीवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या स्वतः पुस्तक काढायच्या सेवेवर, पुस्तक चढवायला एक छदामही लागत नाही आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तिथे फुकट मिळतो (तो दुसरीकडे वापरता येत नाही, एवढंच). 'कॉपीराइट सुरक्षा' म्हणजे काय केलं, तर रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका वेस्ट या पटकथालेखकांच्या संघटनेकडे स्क्रिप्ट नोंदवली. सभासद नसलेल्यांना त्याचे 20 डॉलर पडतात, नोंद 5 वर्षं टिकते, आणि ती फक्त तारखेचा पुरावा असते. अमेरिकेतल्या कॉपीराइट ऑफिसची खरी नोंदणी ऑनलाइन 45 किंवा 65 डॉलरमध्ये होते. पोहोचीचं तर बोलायलाच नको.

प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, आलं तेव्हाच कळायला हवं होतं, अजून जीव जळतो. डाव्या समासापासून आत घेतलेले संवाद तसेच उचलून 6 बाय 9 इंची पानात कोंबलेले. ओळीत जेमतेम तीन-चार शब्द. 104 पानांची पटकथा 171 वर गेली. ई-बुकात पात्राचं नाव आणि संवाद एकाच ओळीत चिकटलेले. पटकथेच्या कुरियर टाइपातली 12 पॉइंटची मांडणी टिकवायची तर साडेआठ बाय अकरा इंची पान घ्यायचं, नाहीतर इंडेंट (ओळी आत घ्यायची अंतरं) नव्याने बसवायचे. ज्याला हे कळत नाही त्याने पटकथेला हात लावू नये. आणि त्याच प्रूफच्या दुसऱ्या पानावर हक्कधारक म्हणून त्यांचं नाव!

कारण करारात 'सर्व माध्यमांतील रूपांतराचे हक्क' असं एक कलम होतं, बाराव्या पानावर, बारीक टायपात. बारावं पान कोण वाचतं? पण पटकथेत विकण्यासारखं तेवढंच तर असतं. उद्या निर्मात्याचा वकील हक्कांची साखळी, म्हणजे हक्क कुणाकडून कुणाकडे गेले त्याचे कागद, मागेल, तिथे असला एक कागद निघाला की व्यवहार फिसकटलाच. छापील आणि ई-बुक, याच्यापलीकडे एक शब्दही लिहून देऊ नका. आधीच विकलेली पटकथा असेल तर छापण्याचा हक्क तुमच्याकडे उरलाय का, तेही बघा.

केडीपीचं खातंही त्यांच्याच नावावर. रॉयल्टी तिकडे, किंमत ठरवणं तिकडे, पुस्तक विक्रीतून उतरवायचं बटणही तिकडे. लॉगिन तुमचं नसेल तर पैसे देऊ नका.

तक्रारीचं तर विचारूच नका. बँक म्हणते पीडीएफ मिळाली ना, मग सेवा दिली गेली. पोलीस म्हणतात दिवाणी बाब आहे, वकील गाठा. विक्रीच्या साइटचं उत्तर ठरलेलं: खातेदार आणि लेखकाचा आपसातला वाद, आम्ही पडणार नाही. पुन्हा लिहिलं की तोच मजकूर, खाली नाव फक्त वेगळं. सगळ्यांना स्क्रीनशॉट हवेत, उघडून कुणीच बघत नाही. कार्डाने भरलेले पैसे परत मागायला बँकेकडे वाद घालायचाच तर 'सेवा मिळाली नाही' लिहू नका, 'कबूल केल्याप्रमाणे नाही' लिहा आणि प्रूफची पानं जोडा. त्याला मुदत असते, त्यामुळे कंपनीच्या 'दुरुस्त करून देतो'च्या नादी लागू नका. आणि करार रद्द केल्याची लेखी नोटीस आधी पाठवा, पुस्तक उतरवण्याचा अर्ज त्यानंतर.