बीगल जहाजाचा लाकडी संच: अकरा महिन्यांनंतर

जहाजाची लहान प्रतिकृती घरी जोडायचा हा संच घेतला जून २०२४ मध्ये, आणि हे लिहितेय मे २०२५ च्या शेवटी. मधल्या काळात रात्रीची जेवणं आवरली की तास-दीड तास बसायचे, रविवारी थोडं जास्त. जहाज आता जवळजवळ पुरं झालंय. घ्यायचा विचार करणाऱ्याला यातलं काय उपयोगी पडेल ते सांगते. किचकट बारीक भागांवर जास्त बोलणार आहे, कारण माझा निम्म्याहून जास्त वेळ तिथेच गेला.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे कुठलं जहाज घ्यायचं हे आधीच ठरलेलं होतं. २२ वर्षांचा डार्विन २७ डिसेंबर १८३१ ला प्लिमथहून निघाला आणि २ ऑक्टोबर १८३६ ला फालमथला उतरला, तो याच बीगलवरून. खरं जहाज होतं फक्त ९० फुटांचं. १:६० प्रमाणात त्याचं धड जेमतेम ४६ सेंटिमीटर भरतं. मी ते पहिल्यांदा हातात धरलं तेव्हा आधी हाच विचार आला, की एवढ्याशा जागेत सत्तरहून जास्त माणसं निघाली होती.

परदेशी संच आहे, कस्टमसकट साडेअठरा हजार पडले. लेसरने कापलेल्या प्लायवुडचा कणा आणि आडव्या चौकटी, धडाला दोन थरांच्या पट्ट्या, डोलकाठ्यांसाठी गोल काड्या, पितळी खिळे, ओतीव धातूचे भाग, कप्प्या, दोरे. लाकूड उत्तम आहे, त्याला पैकीच्या पैकी गुण. चौकटी खाचांत नेमक्या बसल्या, एकही कानशीने तासावी लागली नाही. माहितीपुस्तिकेत मात्र चित्रंच चित्रं आणि मजकूर नावाला. आतल्या थराच्या पट्ट्या चार कमी निघाल्या, दुकानदाराकडून त्या यायला पाच आठवडे लागले. आल्या आल्या सगळं मोजून घ्या, तक्रारीची मुदत टळण्याआधी.

पट्ट्या वाकवायची धास्ती वाटते, पण ते काम सोपं आहे. अर्धा तास गरम पाण्यात ठेवायच्या, चौकटींवर वाकवून कपड्यांच्या चिमट्यांनी धरायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि सकाळी फेविकॉलने चिकटवायच्या. पट्टी लावण्याआधी चौकटींच्या कडा तिरप्या घासून घ्याव्या लागतात, म्हणजे पट्टी कडेवर न टेकता सपाट बसते. हे घासणं कंटाळवाणं आहे, तरी त्यात घाई केली तर धड खड्ड्याखड्ड्यांचं होतं.

माझी मोठी चूक ऋतूची झाली. आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी गल्लीत आलं तेव्हा अर्धवट धड आणि खोका माळ्यावर चढवला, दोन दिवस वीज नव्हती. पाणी ओसरल्यावर त्याच ओलसर हवेत मी पहिला थर पुरा केला. नवरात्रात हवा कोरडी पडली आणि एका संध्याकाळी पाहते तर पट्ट्यांमध्ये केसाएवढ्या फटी. लाकूड रुंदीत फुगतं आणि रुंदीतच आटतं, लांबीत फारसं नाही. फुगलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या की आटताना त्या एकमेकींपासून सुटणारच. लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून त्या फटी भरल्या. आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर करावं. पावसाळ्यात सुटे भाग रंगवावेत.

आता बारीक भाग. कप्प्या तीन ते पाच मिलिमीटरच्या, एकेक तुरीच्या दाण्याहून लहान. दोर ताणायला तीन भोकांच्या गोल चकत्या असतात, त्यांना डेडआय म्हणतात. शिवाय पितळी कड्या आणि दोर अडकवायच्या खुंट्या. चाळिशीचा चष्मा आणि डोक्याला लावायचं भिंग असूनही पहिले पंधरा दिवस मी रोज काहीतरी हरवत होते. पितळ लोहचुंबकाला लागत नाही, म्हणजे तोही मार्ग बंद. शेवटी ॲप्रनचं खालचं टोक टेबलाच्या कडेला दोन पिनांनी अडकवलं. पडलेलं सगळं त्या झोळीत येतं. तेव्हापासून एक खुंटी सोडली तर काही हरवलं नाही. सुटे भाग जुन्या मिसळणाच्या डब्यात असतात, सात वाट्यांत सात जाती, आणि काम चालू असेल तेव्हा एकाच वाटीचे भाग परातीत ओल्या फडक्यावर. ओल्या फडक्यावरून कप्पी घरंगळत नाही.

मुख्य गोष्ट कळली ती घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत. मंगळसूत्र ओवायला दिलं होतं, ते आणायला गेले होते. सोनार अंगठीत खडा बसवत होता. अंगठी त्याने काठीवरच्या लाखेच्या गोळ्यात रुतवली होती आणि ती काठी मुठीत धरून खड्याभोवतीचे काटे दाबत होता. मी जहाजाची गोष्ट काढली, म्हटलं माझा हात कापतो. तो म्हणाला, “बेन, हात सगळ्यांचाच कापतो. वस्तू हलायला नको.”

घरी येऊन तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी घेतली, तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली आणि चाळीस कप्प्या भोकं वर करून रांगेत बसवल्या. प्रत्येक कप्पीचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने हातानेच साफ केलं, कारण कारखान्यातला भुसा आत असतो आणि दोरा तिथेच अडतो. तोवर मी एकेक कप्पी चिमट्यात धरत होते. ती उडायची किंवा चिमट्याच्या दाबाने चिरायची. पट्टीवर चाळीस कप्प्या एका बैठकीत झाल्या, एकही फुटली नाही. तेव्हापासून दर कामाला आधी वस्तू धरून ठेवायची सोय करते आणि मग हात लावते. कड्यांसाठी खिळे ठोकलेली फळी, खुंट्यांसाठी भोकं पाडलेला खोडरबर, डेडआयसाठी दोन तारा ठरावीक अंतरावर वाकवलेला सांगाडा. सांगाड्यामुळे सगळ्या जोड्या एका उंचीवर आल्या आणि तेच लांबून नजरेत भरतं. दुसरी शिस्त म्हणजे एका बैठकीत एकच काम. डझनभर सारखे भाग केले की तिसऱ्या-चौथ्यापासून बोटं शिकतात. आज दोन कप्प्या, एक शिडी आणि थोडा रंग असं केलं तर रोज पहिल्यापासून सुरुवात.

तांब्याचा पत्रा संचात नव्हता, तो मी हौसेने लावला. या सफरीआधी बीगलच्या तळाला २ इंच जाडीच्या फळ्यांचा जादा थर देऊन त्यावर तांबं चढवलं होतं. तांबं कशासाठी, तर टेरेडोसाठी. लोक त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो किडा नाही, शिंपल्यांच्या कुळातला मृदुकाय प्राणी आहे. त्याचे दोन छोटे शिंपले कानशीसारखे चालतात आणि तो लाकूड आतून पोखरत जातो. मुलांना दाखवायला म्हणून तरी मला ते तांबं हवंच होतं. त्या काळचे पत्रे साधारण ४ फूट बाय १४ इंच असत, म्हणजे आपल्या प्रमाणात २० बाय ६ मिलिमीटर. चिकट पाठीची सहा मिलिमीटर रुंद तांब्याची पट्टी मिळते, तिचे तुकडे कापले, एका बाजूला सव्वादोनशे. लावायची सुरुवात मागून करायची. म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाणी पुढून मागे सरकताना कड उचलत नाही. बोटांचे डाग पडतात, सुती हातमोजे घाला. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर होतं आणि मी आत शेवटची रांग लावत होते, ती संध्याकाळ विसरणार नाही.

संचातला सगळ्यात कच्चा माल म्हणजे दोरा. केसाळ आहे, जवळून काथ्यासारखा दिसतो. तो बाजूला ठेवून मी पॉलिएस्टरचा बारीक दोरा आणला. त्यावर मधमाशीचं मेण लावायचं सासूबाईंनी सांगितलं. गौरींचे मोत्याचे दागिने त्या वर्षानुवर्षं तसेच ओवतात. दोर ताणताना माझं चुकत होतं तेही त्यांनीच पकडलं. “अगं, ओढू नकोस. बसव,” म्हणाल्या. “आई, सैल राहील ना,” म्हटलं. तर म्हणाल्या, “एक ओढलास की शेजारचा सैल पडतो, बघ.” खरंच, मी एक दोर कसून ओढला होता आणि पुढची डोलकाठी डावीकडे कलली होती. आठ दोर सोडून पुन्हा बांधले, या वेळी एक जोडी उजवीकडे, एक डावीकडे, अशी आलटून पालटून. दोऱ्याच्या टोकाला सुपरग्लूचा थेंब लावून वाळल्यावर तिरकं कापलं की त्याचीच सुई होते आणि डेडआयच्या भोकातून सरळ जाते. सुपरग्लू एवढ्यापुरताच वापरा. गडद लाकडावर त्याची पांढुरकी झाक उरते आणि ती सहज निघत नाही.

दोरांच्या शिड्यांना मागे आलेख कागद लावला, दर सहा मिलिमीटरला एक पायरी, प्रत्येक छेदावर एक गाठ. सातशेच्या वर गाठी झाल्या. मागच्या डोलकाठीचं काम त्या मानाने थोडं आहे, तिच्यावर आडवे दांडे नाहीत. मूळ बीगलला दोनच डोलकाठ्या होत्या, तिसरी नंतर सर्वेक्षणाच्या कामासाठी बसवली.

घ्यावा का? ज्यांनी आधी एखादी एका डोलकाठीची होडी केली आहे त्यांनी जरूर घ्यावा. पहिलाच संच म्हणून नको, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला भेट म्हणून तर मुळीच नको. चांगला चिमटा, हाताने फिरवायचं ड्रिल आणि दोन बाजूंनी दोन दिवे यांना आणखी तीनेक हजार धरा. एका दिव्यात आपल्याच बोटांची सावली कामावर पडते. ओतीव धातूच्या भागांना कडांवर धातूचे पापुद्रे आहेत, ते कानशीने काढावे लागतात. दोऱ्याचे आणि माहितीपुस्तिकेचे गुण मी कापेन, लाकडाचे नाही.

नांगराचे दोर आणि मागच्या शिडीच्या वरच्या अकरा पायऱ्या राहिल्यात. काचेच्या पेटीचं माप सुताराला दिलंय, तो पावसाच्या आत देतो म्हणालाय. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा जहाज आठवीच्या वर्गात नेईन, तांब्याची बाजू मुलांकडे करून.