अमोनिया गळतीसाठी कॅनिस्टर मास्क की पाठीवरचा हवेचा सिलिंडर?

रत्नागिरीकडच्या मासळी गोठवणाऱ्या कारखान्यांत हा प्रश्न हमखास किमतीवर अडतो. आधी बघायचं ते गॅसचं प्रमाण.

कॅनिस्टर म्हणजे मास्कला लावलेला गाळणीचा डबा. तो आसपासचीच हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. अमोनिया ३०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) वर असेल, किंवा प्रमाण ठाऊकच नसेल, तर तो लावून आत शिरणं जिवावरचं आहे. स्वस्त, हलका, शिकायला सोपा. पण सील तोडलेला कॅनिस्टर आपल्या दमट हवेत लवकर निकामी होतो. सील तोडल्याची तारीख त्यावर लिहाच.

सिलिंडर महाग. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने साधारण १८०० लिटर हवा मावते. कागदावर ४५ मिनिटं, प्रत्यक्ष धावपळीत अर्धा ताससुद्धा कठीण. हवा संपत आल्याची शिट्टी वाजली की तडक बाहेर. खाऱ्या वाऱ्याने व्हॉल्व्ह गंजतात, म्हणून बंद पेटीत ठेवा आणि दर महिन्याला दाब तपासा. पेटी कॉम्प्रेसर रूममध्ये मात्र नको: गळती तिथेच झाली तर हात कसा पोचणार?

दाढी असेल तर दोन्हींचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

फक्त बाहेर पळायचं असलेल्या छोट्या बर्फ कारखान्याला कॅनिस्टर चालेल. आत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचा असेल तर सिलिंडरच, तोही आत जाणाऱ्या दोघांसाठी, शिवाय दाराशी तयार उभ्या जोडीसाठी.