टीएलडी ते अबाकावीर : किडनीवर बेतलं त्याचा अनुभव

मला एचआयव्ही आहे. टीएलडी ही त्याचीच गोळी, एकीत तीन औषधं: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रावीर. माझं टेनोफोविर बंद होऊन काही महिने झाले. आता त्याच्या जागी अबाकावीर हे औषध आलं, म्हणजे अबाकावीर-लॅमिव्हुडिनची एक आणि डोल्युटेग्रावीरची एक, अशा दोन गोळ्या चालू आहेत. अंगात ताकद आली, म्हणून लिहायला बसले.

आधीचं थोडक्यात. सुरुवातीला एचआयव्हीसाठी मिळालेल्या झिडोव्हुडिननं माझं हिमोग्लोबिन ५ वर आणलं होतं, रक्त चढवावं लागलं. आमच्याकडे विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार भरपूर, त्यामुळे आधी तीच तपासणी झाली आणि गोळीवर संशय उशिरा गेला. मग एफाव्हिरेन्झ हे औषध असलेली गोळी आली. रात्री घेतली की सकाळी वावरात पोचेपर्यंत डोकं गरगरायचं, स्वप्नंही भलतीच पडायची. टीएलडी मिळाली आणि हे सगळं थांबलं. जेवण जायला लागलं, कामाला उभं राहता यायला लागलं. ओळखीतल्या बायांना मी स्वतः सांगायची, ही गोळी चांगली आहे, घाबरू नका.

मागच्या कापूस वेचणीत कंबर धरली. गावातले डॉक्टर डायक्लोचं, म्हणजे डायक्लोफिनॅक या दुखणं थांबवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन द्यायचे, वर त्याच्याच गोळ्या. त्यांना माझा आजार माहीत नाही. आपलं नाव गुप्त राहावं म्हणून २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, पण त्या दवाखान्यात पडद्यापलीकडच्या बाकड्यावर अर्धं गाव बसलेलं असतं. तिथं तोंड कसं उघडणार? मजुरी बुडू नये म्हणून इंजेक्शन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ओटी बांधून पुन्हा वेचायला जायचं, असं चाललं. हळूहळू पायांची हाडं दुखायला लागली, रात्री सारखं लघवीला उठणं, बसलं की उठवेना.

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर गेले तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी, करा म्हटलं. "तपासणीचं रिॲजंट संपलं व बाई, पुढच्या महिन्यात पाहू." पुढच्या महिन्यातही तेच. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? त्या दिवशी मी खिडकीपासून हललेच नाही. शेवटी आतून एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या.

त्यांनी काय केलं ते नीट वाचा. लघवीत एक पट्टी बुडवली आणि डबीवरच्या रंगांशी लावून पाहिली. साखरेच्या चौकोनाचा रंग बदलला होता. मग बोट टोचून रक्तातली साखर पाहिली, ती अगदी बरोबर. रक्तात साखर वाढलेली नाही आणि लघवीत उतरते, म्हणजे किडनीच्या बारीक नळ्या ती धरून ठेवत नाहीत, असं त्या म्हणाल्या. टेनोफोविरचा त्रास असाही दिसतो. काही रुपयांची पट्टी, मिनिटभराचं काम! रिॲजंट संपलं असलं तरी ही पट्टी का लावत नाहीत, याचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही. क्रिएटिनिन मग खाजगीत केलं. त्यावरून काढलेला क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते तो आकडा, ५० च्या खाली निघाला आणि टेनोफोविर थांबलं. तोवर एकही गोळी मी मनानं बंद केली नव्हती.

टीएलडी कुणी घेऊ नका, असंच लिहायचं मी आधी ठरवलं होतं. ते आता लिहीत नाही. डोल्युटेग्रावीरनं क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसतो, पण त्यानं किडनी खराब होत नाही, ते माझं अजून चालूच आहे. किडनीला लागलं ते टेनोफोविर, आणि त्यावर डायक्लोचा मारा. बहुतेकांना टीएलडी सोसते. माझी तक्रार तपासणीवर आहे, आणि गोळी हातात देताना दुखण्याच्या इंजेक्शनाबद्दल कुणी बोलत नाही त्यावर आहे. आता कंबर दुखली तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

अबाकावीर देताना मात्र मॅडमनी बजावलं: पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, दम असं एकत्र दिसलं तर लगेच या, आणि त्या कारणानं एकदा बंद झालं की ते औषध आयुष्यात पुन्हा घ्यायचं नाही, जिवावर बेततं. मला तसं काही झालं नाही. हाडांचं दुखणं कमी आहे, रात्रीची झोप होते.

अबाकावीरवर हृदयाकडे लक्ष ठेवावं लागतं म्हणतात. ज्यांना त्यावर वर्ष झालं असेल त्यांनी कोलेस्टेरॉल आणि बीपी केंद्रावरच तपासून मिळतं की बाहेर करावं लागतं, ते कृपया सांगा.